डाव्या सोंडेची कमॅरो

नूपुर : पडला.

निलेश : काय पडलं?

नूपुर : चुंबक. बॉनेटला लावला, चिकटला. ह्या दोन जाळ्यांना लावला, पडला. परत लावला, परत पडला.

निलेश : तुझा चुंबक कमजोर असेल.

नूपुर : फ्रिजवरचा आहे, आंब्याच्या आकाराचा. आज सकाळपर्यंत आमचं लाइटबिल एकट्याने धरून होता. ह्या जाळ्या धातूच्या नाहीत, निलेश.

निलेश : अमेरिकावाले काय काय वापरतात, कोणाला माहीत.

नूपुर : काथ्या वापरत नाहीत. हे बघ, कडेने बाहेर आलाय. नारळाचा आहे.

निलेश : वाट लागली.

नूपुर : थांब. आधी मला नीट सांग. फोनवर तू नुसतं "ये, ये, मेलो" एवढंच बोललास. मला वाटलं खरंच कोणीतरी गेलं. मी एका उलटलेल्या ट्रकला तसाच उलटा सोडून आले.

निलेश : तू इन्शुरन्ससाठी जुन्या गाड्या तपासतेस ना. कॉलेजच्या ग्रुपवर टाकत असतेस, हा बंपर कंपनीचा, हा बंपर कुर्ल्याचा. मला दुसरं कोणी सुचलंच नाय.

नूपुर : ही कमॅरो कोणाची?

निलेश : शामरावांची. ही शेड पण त्यांचीच. म्हणजे गणपती आमचे, पत्रे त्यांचे. त्यांच्या वडलांनी, आबासाहेबांनी, बाबांना मूर्तींच्या कारखान्यासाठी जागा दिली. भाडं नाय, काय नाय. अट एकच, कोपऱ्यात ही गाडी उभी आहे ती सांभाळायची. जशी आहे तशी. मग आबासाहेब गेले. शामराव एकदा पण बघायला आले नाय. आणि काल फोन. "उद्या येतो, गाडी जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरवायची आहे, मूळ गटात."

नूपुर : मूळ गट म्हणजे गाडी कंपनीतून निघाली तेव्हा तिच्यावर जे जे बसवलेलं होतं, तेच आणि तेवढंच.

निलेश : तसंच बोलले. वर बोलले, "जशी होती तशी असेलच." आणि ठेवला. नूपुर, तो प्रश्न नव्हता.

नूपुर : आणि तशी नसली तर?

निलेश : तर शेड खाली. मागे बघ जरा. एवढे गणपती उभे आहेत, अर्ध्यांना अजून हात नाय, चतुर्थी तोंडावर. ह्यांना घेऊन जाऊ कुठे? डिलाईल रोडच्या खोलीत आम्ही पाच माणसं आणि एक कपाट. कपाटाला पण कधी कधी बाहेर झोपायला लागेल अशी वेळ येते.

नूपुर : फार ओरडतात का शामराव?

निलेश : ओरडले असते तर काय पाहिजे होतं. मागच्या गल्लीत त्यांच्याच गाळ्यात एक चक्कीवाला होता. शामराव एकदा त्याच्याकडे आले. बसले. चहा घेतला. एक शब्द बोलले नाय. जाताना उठून स्वतःचा कप धुतला आणि पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी चक्कीवाला चक्की तिथेच सोडून गावाला गेला.

नूपुर : कप धुतला म्हणून?

निलेश : त्याचा काय अर्थ होतो ते त्या चक्कीवाल्याला कळलं असणार ना. नायतर माणूस अर्धं दळण टाकून जातो?

नूपुर : कुठवर आलेत ते?

निलेश : त्यांचा ड्रायव्हर गंगाधर आपला दोस्त आहे, तो मेसेज टाकतोय. आता माटुंग्याला आहेत. तू पटापट बघ, काय काय कंपनीचं आणि काय काय नाय. पुढून सुरू कर.

नूपुर : पुढून नको.

निलेश : का?

नूपुर : पुढे डोळे आहेत.

निलेश : हां, ते.

नूपुर : मी इतकी वर्षं गाड्या बघतेय. दिवे फुटलेले बघितले, दिव्यांच्या जागी टॉर्च बांधलेले बघितले. बुबुळं असलेली गाडी पहिलीच. पापण्यांना काजळ पण आहे.

निलेश : मला वाटायचं अमेरिकेत गाड्यांना असतात. मी शाळेत असल्यापासून ती अशीच बघते.

नूपुर : माझ्याकडेच का बघतेय?

निलेश : ती सगळ्यांकडे बघते. तू कुठेही जाऊन उभी राहा. म्हणून मी ह्या कोपऱ्यात एकटा येत नाय.

नूपुर : डोळे शेवटी बघू. मागून सुरू करते. तू टॉर्च धर.

निलेश : धरलाय.

नूपुर : मग उजेड छपरावर का पडतोय?

गुणाजी : कोण आसा रे थय?

निलेश : बाबा, ही नूपुर. माझ्या कॉलेजातली. गाडी बघायला आली.

गुणाजी : बघ गो बाय, बघ. आधी नमस्कार केलंस काय तिका?

नूपुर : गाडीला? नाही, काका.

गुणाजी : मगे कर. माका काय नाय, पण तिच्या लक्षात रवता.

निलेश : कर ना, नूपुर. आज कशाला रिस्क.

नूपुर : केला. काका, हिच्यावरचं काय काय तुम्ही बनवलंय?

गुणाजी : मी? काय एक नाय. पडला तेवढा लावलंय.

नूपुर : हा उजवीकडचा आरसा?

गुणाजी : तो होय, तो माजो. हिका एकच कान होतो, डाव्या बाजूक. एका कानाची मूर्ती कोण ठेवता घरात?

नूपुर : कंपनी एकच द्यायची, काका. ड्रायव्हरच्या बाजूचा.

गुणाजी : कंपनीन दिल्यान म्हणून आपण तशीच ठेवूची? आणि ड्रायव्हर डाव्या बाजूक कसो?

नूपुर : अमेरिकेत तसंच असतं. चाक डावीकडे.

गुणाजी : ता माका ठावक आसा. म्हणूनच तर मी आबासायबांका हो म्हटलंय. चाक डावीकडे, म्हणजे डाव्या सोंडेची. सांभाळूक सोपी. उजव्या सोंडेची असती तर मी जागाच घेतली नसती, तिचा सोवळा कोण करतलो?

निलेश : बाबा, शामराव येतायत. हे सगळं त्यांच्यासमोर बोलू नका.

गुणाजी : येऊ देत. आबासायबांचो झील तो, खाऊक नाय येणा.

नूपुर : आणि बॉनेटवरच्या ह्या जाळ्या?

गुणाजी : त्या मासिकात बघून केलंय. रद्दीत इलेला. त्यात अशीच एक गाडी होती, तिका ह्या कल्ल्यांसारख्या होत्या. आमच्या हिका नव्हत्या. म्हटलं, हिनाच काय पाप केल्यान?

नूपुर : त्या भारीतल्या इंजिनवाल्या गाडीला असायच्या. गंमत म्हणजे कंपनीच्या जाळ्यासुद्धा खोट्याच. त्यातून हवा आत जात नाही. नुसता देखावा.

निलेश : थांब. कंपनीच्या पण खोट्या?

नूपुर : हो.

निलेश : आणि बाबांच्या पण खोट्या. मग झालं ना, सेम टू सेम. तू सांग त्यांना सगळं ओरिजिनल आहे. एक सही कर. मी आयुष्यभर तुझ्या घरचा गणपती फ्री देतो.

नूपुर : कंपनीचं खोटं वेगळं आणि काकांचं खोटं वेगळं. कंपनीच्या खोट्याला नंबर असतो. आणि मी खोट्यावर सही केली ना, निलेश, तर पुन्हा कुठल्याही गाडीला हात लावता येणार नाही मला. दुसरं काही येत नाही मला. साधी पोळी गोल येत नाही.

निलेश : गंगाधर बोलतोय, हिंदमाताला थांबलेत. सुनेसाठी साडी बघतायत.

नूपुर : साड्यांच्या दुकानात वेळ जातो.

निलेश : शामरावांचा नाय जात. दुकानदारच घाबरून पहिलीच चांगली काढतो.

नूपुर : इंजिनच्या मागच्या भिंतीवर एक पट्टी असते, रिव्हेटांनी बसवलेली. कुठला रंग, आत काय काय बसवलं, सगळं आकड्यांत छापलेलं असतं. ती मिळाली तर पुढचं सोपं. बॉनेट उघड. टॉर्च इकडे. ही... काका, हे काय आहे?

गुणाजी : देवाचो टाक.

नूपुर : हा शेंदराचा गोळा आहे.

गुणाजी : आत टाक आसा. बारीक पत्रो होतो, तेच्यावर कायतरी कोरलेला, कोणाक वाचूक येणा नाय असा. म्हटलं, कंपनीवाल्यांचो कुलदेव. दर दसऱ्याक शेंदूर लावतंय, तेल लावतंय.

नूपुर : दर दसऱ्याला.

गुणाजी : एकदा चुकलंय. त्या वर्षी साचे पावसान भिजले. परत नाय चुकलंय.

निलेश : खरवडता येईल?

नूपुर : खरवडलं तर आकडे पण निघतील. अर्धा इंच जाड आहे. हे सोड. गाडीवरच शोधू. दाराला ही पुढे तिकोनी छोटी काच आहे, बघितलीस?

निलेश : ती बाबांनी केली?

गुणाजी : काच माका येणा नाय.

नूपुर : ही मूळ. म्हणजे गाडी सदुसष्टची. पुढच्या वर्षी कंपनीने ही काच काढून टाकली. बरं झालं, एक तरी गोष्ट खरी निघाली. आता मागचे दिवे. लाल, अख्खे लाल. पांढरा तुकडा नाही.

निलेश : मग रिव्हर्सचा लाइट?

नूपुर : तेच शोधतेय. खाली वाक. बंपरच्या खाली. आहेत. दोन.

निलेश : चांगलं की वाईट?

नूपुर : आता पुढे चल. डोळ्यांकडे बघू नकोस, खाली बघ. पुढच्या बंपरच्या खाली काय आहे?

निलेश : इंडिकेटर.

नूपुर : साध्या कमॅरोला इंडिकेटर वर जाळीत असतात आणि रिव्हर्सचा लाइट मागच्या दिव्यातच असतो. दोन्ही खाली गेले, तर त्याचं एकच कारण.

निलेश : नूपुर, तुझा आवाज बदलला.

नूपुर : मला भीती वाटायला लागली.

निलेश : आता? मी कालपासून जेवलो नाय.

नूपुर : इतका वेळ मला वाटत होतं साधी गाडी आहे. पुढचे दिवे फुटले असतील, काकांनी भोकं बुजवली असतील. ऑपेरा हाउसला जाऊन दोन जुने गोल दिवे आणू, बसवू, सुटलो. पण ही साधी नाही. हिच्यावर एक खास गोष्ट बसवून घेतलीय, वेगळी मागणी करून, कंपनीतच. ती ह्या डोळ्यांच्या मागे आहे. किंवा होती. हे डोळे काढावे लागतील.

निलेश : बाबा, छिन्नी कुठाय?

गुणाजी : नाय.

निलेश : नाय म्हणजे?

गुणाजी : आखणी झालेली आसा.

निलेश : बाबा, गाडी आहे ती.

गुणाजी : ह्या पोरीक सांग आखणी म्हणजे काय ता. तिका ठावक नसात.

निलेश : मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला आखणी बोलतात. डोळे काढेपर्यंत ते प्लास्टर. काढले की मग... मग नाय ते प्लास्टर.

गुणाजी : मगे ता फोडूचा नाय. तडो गेलो, टवको उडालो, तर एकच. बुडवूचा.

नूपुर : गाडी?

गुणाजी : मूर्ती भंगली तर विसर्जन. तेका दुसरो मार्ग नाय.

निलेश : बाबा, दीड टनाची गाडी.

गुणाजी : मंडळाचो राजा ह्याच्यापेक्षा जड असता. चाकां तरी आसत हिका.

नूपुर : काका, प्लास्टरच्या मूर्ती आता समुद्रात नेत नाहीत. तलावात नेतात, खोदलेल्या.

निलेश : तू पण काय त्यांच्याबरोबर हिशोब करतेस? तलावात मावणार आहे ती?

नूपुर : तिरकी घातली तर अर्धी.

निलेश : नूपुर.

नूपुर : सॉरी. मी घाबरले की असं होतं. काका, पण तुम्ही डोळे काढलेत कशाला? आबासाहेबांनी सांगितलं होतं ना, जशी आहे तशी ठेव.

गुणाजी : ता एकदा म्हणाले. दुसऱ्या येळेक म्हणाले, "गुणाजी, गाडीक काय हवा नको ता तूच बघ." मी बघितलंय. डोळे हवे होते.

नूपुर : असं कसं ठरवलंत?

गुणाजी : बाय माझे, आमच्याकडे रामजी म्हणान एक आखणीवालो होतो. हात असो, की केसाएवढी रेघ मारी, श्वास सोडीपर्यंत पुरी. तो हयसर बसा. आणि समोर ही. तोंड एवढा मोठा, दात दिसतत, आणि वर डोळेच नाय. सपाट. आमच्यात डोळे नसलेली मूर्ती कपड्यान झाकून ठेवतत. ही उघडी. रामजीचो हात हलूक लागलो. त्या वर्षी गणपती तिरळे होवूक लागले. एका मंडळान मूर्ती परत धाडल्यानी, म्हणाले, बाप्पा एका डोळ्यान आरतीकडे आणि दुसऱ्यान दानपेटीकडे बघता. रामजी म्हणालो, एकतर ती तरी, नायतर मी तरी. मगे मी तिका डोळे दिलंय. रामजी तरी गेलोच. म्हणालो, आता ती बघता.

निलेश : मेसेज. साडी घेतली. निघाले.

नूपुर : काका, माझं ऐका. तिला डोळे होते.

गुणाजी : नव्हते. मी दोन हातांनी चाचपलंय.

नूपुर : होते. मिटलेले होते.

गुणाजी : काय म्हणतस?

नूपुर : ह्या गाडीला कंपनीतूनच झाकणं बसवून यायची, दिव्यांवर. जाळीसारखीच दिसतात, त्यामुळे बंद असताना कळत नाही की मागे दिवे आहेत. दिवा लावला की मोटर झाकण बाजूला घेते. बंद केला की पुन्हा मिटतं. उभी असली की डोळे मिटूनच उभी राहते ती.

गुणाजी : म्हणजे ती आंधळी नव्हती.

नूपुर : नाही.

गुणाजी : झोपलेली.

नूपुर : हो, काका.

गुणाजी : आणि मी झोपलेल्या बाईच्या पापण्यांवर डोळे काढलंय.

निलेश : बाबा, बसा. हा स्टूल घ्या. नूपुर, तू पण काय, असं एकदम सांगतात काय माणसाला? बाबा, पाणी देऊ?

गुणाजी : एवढी वर्षां. आत ती झोपलेली, आणि वरसून मी तिका जागी ठेवलंय. कशी झोपली असात ती?

निलेश : बाबा, गाडी झोपत नाय.

गुणाजी : तू गप रव. रामजी म्हणालो होतो, ती बघता. ती नाय बघणा. माजेच डोळे बघतत, तिच्या तोंडावरसून. देवा म्हाराजा.

निलेश : त्यांना बघ. बाबा असे कधी बसत नायत. पंचवीस फुटी मूर्तीच्या परांचीवर उभे राहून आखणी करतात.

नूपुर : मी खाली जाते. बंपरखालून बघता येईल झाकणं आहेत की काढलीत. टॉर्च दे. पाय धरू नकोस माझे.

निलेश : मी नाय धरलेत.

नूपुर : मग काय आहे ते?

निलेश : उंदीरमामा. गणपतीचेच, प्लास्टरचे. इकडे ठेवलेत सुकायला.

नूपुर : दिसलं. मोटर आहे. डावीकडे एक, उजवीकडे एक. झाकणांचे दांडे दोन्हीकडे शाबूत. काका, तुम्ही आत काही केलं नाहीत ना?

गुणाजी : आत कोण जातलो? मी वरसून लिंपलंय, बस.

नूपुर : वायर जुनी होऊन तुटलीय. पण मोटरला सरळ करंट दिला तर झाकण सरकेल. सरकलं तर वरचं प्लास्टर सुटेल. निलेश, बाहेर टेम्पो आहे ना तुमचा? त्याची बॅटरी काढून आण.

निलेश : आणि बाबांचं ते, भंगली तर बुडवायची?

नूपुर : काका, तुम्ही सांगा. मी छिन्नी लावणार नाही, हातोडी लावणार नाही. फक्त तार जोडेन. तुम्ही नको म्हणालात तर तीही नाही. मग शामराव आले की मला आहे ते सांगावं लागेल, की पुढे काय आहे ते मला माहीत नाही.

निलेश : बाबा, लालबागच्या पुलाखाली आले ते. बाबा, काहीतरी बोला. शेड जाईल.

गुणाजी : शेड गेली तर जाऊ दे, झिला. माका भय तेचा नाय. उघडल्यान आणि माजेवर रागावली तर?

निलेश : कोण?

गुणाजी : एवढी वर्षां झोप मोडलेली बाई सकाळी उठल्यार पयला काय करता? तुझी आवस काय करता?

निलेश : आईचं सोडा.

गुणाजी : पण तशीच ठेवली तर पाप. नाय. तिका जागी करूक व्हयी. आण बॅटरी. फोडूचा कोणी नाय. तिनाच काय ता ठरवंदे.

निलेश : आणतो. पळत आणतो.

नूपुर : काका, तुम्ही जरा मागे सरा.

गुणाजी : नाय. मी समोर रवतंय. माजी आखणी, मीच बघतलंय.

नूपुर : मग माझा हात धरा. मला धीर येईल.

गुणाजी : तुजो हात गार पडलो, बाय.

नूपुर : तुमचाही.

निलेश : ही घे. जड आहे साली. लवकर लाव, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

नूपुर : ही लाल इकडे, दोन्ही मोटरींना. ही काळी बॉडीला. निलेश, टॉर्च. नीट धर. लावते.

(घरघर. ती थांबते. पुन्हा घरघर, आणि मग सुकलेली चतकोर पोळी मोडावी तसा आवाज.)

निलेश : बाबा. बाबा, उठा, खाली का बसलात?

गुणाजी : उघडल्यान.

नूपुर : एकच. डावीकडचं उघडलं.

गुणाजी : बघता.

नूपुर : दिवा आहे, काका. काचेचा. कंपनीचाच. ओरखडासुद्धा नाही.

गुणाजी : माजो डोळो तुकडे होऊन पडलो. मी नाय फोडलंय. बघितलात ना दोघांनी? तिनाच बाजूक केल्यान. पापणी उघडल्यान आणि झाडून टाकल्यान. रागावली नाय.

निलेश : कशावरून?

गुणाजी : रागावली असती तर दोन्ही उघडली असती.

निलेश : दुसरा का नाय उघडत?

नूपुर : मोटर फिरतेय, पण झाकण अडकलंय. त्या बाजूला काथ्या जास्त आहे.

गुणाजी : तो डोळो आधी केललो. तेव्हा अंदाज नव्हतो.

निलेश : म्हणजे आता एक डोळा अमेरिकेचा आणि एक लालबागचा. अजून भयानक दिसतेय. नूपुर, काहीतरी कर. कापड टाक. नूपुर.

नूपुर : काय?

निलेश : मागे वळू नको.

नूपुर : का?

निलेश : दारात शामराव.

नूपुर : कधीपासून?

निलेश : माहीत नाय. साडीची पिशवी खाली पडलीय त्यांच्या हातातली, म्हणजे बराच वेळ झाला असेल. तू बोल.

नूपुर : नमस्कार. मी नूपुर, जुन्या गाड्या तपासते. निलेशने बोलावलं. तुमची गाडी सदुसष्टची आहे. तिकोनी काच, मागचे लाल दिवे, खालचे इंडिकेटर आणि आत्ता उघडलेलं हे झाकण, हे सगळं कंपनीतून आलेलं आहे. अशी झाकणं चालू अवस्थेत मी आजवर एकाच गाडीला बघितलीत, ह्या. बॉनेटच्या जाळ्या, उजवा आरसा आणि तो उरलेला डोळा गुणाजीकाकांचा. ते मी मूळ म्हणून लिहून देणार नाही. पण हेही लिहीन की वर प्लास्टर होतं म्हणून आत धूळ गेली नाही, उंदीर गेला नाही आणि चोराला कळलं नाही. एवढंच. मला वाटतं एवढंच.

निलेश : झालं. बस. ते तुझ्याकडे बघतच नायत.

नूपुर : मग कुठे बघतायत?

निलेश : त्या उघडलेल्या डोळ्याकडे. दाराची चौकट धरून उभे आहेत.

नूपुर : निलेश, ते घाबरलेत.

निलेश : हळू. शामराव घाबरत नाय.

नूपुर : एक पाय आत आहे आणि एक बाहेर. दोन्ही आत येत नाहीत.

गुणाजी : शामराव, ऐका. तो दुसरो डोळो आज उतरूचो नाय. घाईन काढलो तर पापणी तुटात. थोडो थोडो भिजवून, माज्या हातानच उतरवूक व्हयो. जाळ्या, आरसो, ता पण मीच काढतंय. पण हातातले गणपती आधी. ते गेले, की मगे हिचा काम. तवर ती हयसरच रवतली, आमच्या नजरेखाली.

निलेश : बाबा, असं सांगू नका त्यांना. विचारा. चालेल का विचारा.

गुणाजी : तेंका काय विचारूचा? ती जागी झाली, आता तिकाच विचारूचा. शामराव, आत येवचा आसात तर चपला भायर काढा.

निलेश : बाबा.

गुणाजी : काय?

निलेश : काढतायत.